टायर मोठे, रस्ता लहान

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली ती चार किलोमीटरवरून.

तशी ती पाल त्याच्या मनात कायमची मुक्कामालाच होती. दुकानदार वजन करू लागला की हा काट्याखाली वाकून बघायचा. डॉक्टरने गोळ्या दिल्या की आधी पाकिटावरची तारीख बघायचा आणि मग डॉक्टरकडे. ओळखीचे लोक त्याला पाठीमागे शंकासुर म्हणत. आपल्याला पाठीमागे काहीतरी म्हणतात, असा संशय त्यालाही होताच आणि निदान तो तरी खरा होता.

घरात माणसं दोनच, थोरला आणि धाकटा. आईवडील गेले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. थोरल्याने त्याला वाढवलं, शिकवलं, गाडी चालवायला बसवलं, आणि या गडबडीत स्वतःचं लग्न राहूनच गेलं. दोघांची मिळून एक दणकट पिकअप होती. तिच्यात डिझेलचे कॅन लादायचे आणि डोंगरातल्या चार मोबाइल टॉवरना पोचवायचे, हे त्यांचं दर मंगळवारचं काम. शेवटचा टॉवर सगळ्यात वर. घरापासून तिथवर जाऊन-येऊन एकशे बहात्तर किलोमीटर.

तीन वर्षांपूर्वी त्या शेवटच्या चढावर गाडी घसरली आणि थोरल्याचा डावा गुडघा कामातून गेला. तेव्हापासून स्टेअरिंग धाकट्याकडे आणि वही थोरल्याकडे. कॅनची झाकणं घट्ट करून त्यांवर लाल रंगाचा ठिपका द्यायचं कामही थोरल्याचंच. झाकण फिरवलं की ठिपका तुटलाच पाहिजे. मंगळवारी संध्याकाळी गाडी दारात आली की थोरला कानावर पेन्सिल अडकवून लंगडत बाहेर यायचा. धाकटा उतरायच्या आत हा दार उघडून मीटरवरचा आकडा वाचायचा, सकाळचा आकडा वजा करायचा आणि वहीत लिहायचा, एकशे बहात्तर. मग धाकट्याने उतरायचं, हातपाय धुवायचे, जेवायचं.

तीन वर्षं एकशे बहात्तर. आणि एका मंगळवारी एकशे अडुसष्ट.

थोरल्याने दोनदा वजाबाकी केली, पेन्सिलीला टोक करून तिसऱ्यांदा केली. पुढच्या मंगळवारीही तेच, एकशे अडुसष्ट. वर धाकटा दोन्ही वेळा तीन-चार तास उशिरा आलेला. अंतर कमी आणि वेळ जास्त? शिवाय त्याच्या सदऱ्याचा खांदा डिझेलने काळा झालेला. कॅन गाडीतून उतरवून टॉवरच्या खोलीत ठेवायला वीस पावलं लागतात, त्याला खांदा कशाला लागतो? थोरल्याने विचारलं मात्र काही नाही. विचारलं की चोर सावध होतो, हे त्याचं जुनं मत.

त्याच आठवड्यात जेवताना धाकटा म्हणाला, "दादा, टायर बदलू या."

"का? वर्षभर जातील अजून."

"झिजलेत म्हणून नाही. मोठे घालू या. पस्तीस इंची, चिखलाचे. चाकाच्या डिस्कसुद्धा मोठ्या लागतील."

थोरल्याचा घास हातातच राहिला. "शेवटचा चढ ठीक आहे ना?"

"ठीक आहे की."

उत्तर फार लवकर आलं. आणि ते देताना धाकटा ताटात बघत होता. अपघातानंतर थोरल्याने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, तो चढ जरा जरी बिघडला तरी काम सोडून द्यायचं, एक फेरीसुद्धा करायची नाही. आता हा म्हणतो चढ ठीक आहे. मग चांगल्या रस्त्याला चिखलाचे टायर कशाला हवेत? कुठेतरी पाणी मुरत होतं. हा गाडी नेतो तरी कुठे?

"बघू या," थोरला म्हणाला. "मी येतो दुकानात."

टायरवाले काका हे त्या भागातलं मोठं प्रस्थ. अंगावर बाराही महिने तोच निळा डगला, कानात पिळलेला कापूस आणि तोंडात सल्ला. त्यांच्या दुकानात बसायला खुर्च्या नव्हत्या, टायरच होते. थोरला एका ट्रॅक्टरच्या टायरवर बसला आणि समोर मांडलेल्या मालाकडे चोरीचा माल ओळखायला आल्यासारखा बघू लागला.

धाकट्याची नजर एका चकचकीत वीस इंची डिस्कवर जरा रेंगाळली. थोरल्याने ती टिपली.

"ही वरातीची आहे," काकाच म्हणाले. "डिस्क जेवढी मोठी तेवढं रबर कमी उरतं. भरल्या गाडीने एका दगडावर आपटलात की हिचा काठ वाकला म्हणून समजा. तुम्ही अठरा इंची लोखंडी घ्या. काळी आहे, कुरूप आहे, पण वजन उचलते."

"आणि टायर?" धाकट्याने विचारलं.

काकांनी एक टायर लोटत आणला. तळहाताएवढे रबराचे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये बोट पूर्ण बुडेल एवढ्या फटी. प्रत्येक तिसऱ्या ठोकळ्यावर वाकडा चरा, कुणी कोयतीने कापल्यासारखा. "हा चिखल उचलून मागे फेकतो. डांबरावर मात्र गुणगुणणार. डिझेल जरा जास्त खाणार. ब्रेक थोडे लांबून दाबायचे."

"एवढे दोष स्वतः सांगताय?" थोरल्याने विचारलं. विकणारा माणूस दोष सांगतो म्हणजे याहून मोठं काहीतरी लपवतो आहे, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती.

मग त्याने उलटतपासणी सुरू केली. टायरच्या कुशीवर छापलेला वजनाचा आकडा बोटाने गिरवत वाचला आणि भरलेल्या कॅनांचा हिशेब तोंडी करून तो पुरतो का ते पाहिलं. तयार झाल्याचा आठवडा आणि साल शोधलं. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासणार का, विचारलं. घासणार, म्हणून काका गाडी दोन इंच उचलून देणार होते. चाकं मडगार्डच्या बाहेर निघाली तर बेअरिंग खाणार नाहीत का? नाही, या डिस्कमध्ये ती बाहेर निघत नाहीत. चार डिस्क नापसंत करून त्याने पाच निवडल्या, पाचवी जादा चाकाची. प्रत्येकीवर आतल्या बाजूने लाल ठिपका दिला, बदलली तर कळावी म्हणून. काका कपाळाला हात लावून बघत राहिले.

"आता मीटरचं," काका म्हणाले. "टायर मोठा झाला की मीटर जुळवून घ्यावा लागतो. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता—"

"मीटरला कुणी हात लावायचा नाही!"

थोरला एवढ्या जोरात ओरडला की बाहेर हवा भरायला थांबलेला रिक्षावालाही वळून बघू लागला. म्हणजे हे होतं तर! टायरचं निमित्त आणि मीटरवर डोळा. उद्या हा म्हातारा आकडा फिरवून ठेवेल आणि धाकटा कुठेही उंडारून आला तरी मीटर एकशे बहात्तर म्हणेल.

"अहो, पण ऐकून तरी—"

"काका, राहू द्या," धाकटा हळूच म्हणाला. "ऐकायचा नाही तो."

थोरल्याने खिशातली लाल रंगाची बाटली काढली. मीटर जुळवायला काकांचा कॉम्प्युटर जोडायची जागा स्टेअरिंगखाली होती. तिच्यावर त्याने चिकटपट्टी मारली आणि पट्टीवर टपोरा ठिपका दिला. मग तो निर्धास्त झाला.

पुढच्या मंगळवारी मीटरने दाखवलं एकशे पंचावन्न.

थोरला उघड्या दारातच उभा राहिला. वाकून चिकटपट्टी पाहिली, ठिपका शाबूत. धाकटा वेळेवर आला होता, सदरा स्वच्छ होता, वर शीळ घालत होता. शीळ! त्याच्या पुढच्या मंगळवारीही एकशे पंचावन्न. म्हणजे सतरा किलोमीटर कमी. जाताना साडेआठ, येताना साडेआठ. रात्रभर थोरल्याने तो रस्ता डोळ्यांपुढे उलगडला आणि शेवटच्या टॉवरपासून साडेआठ किलोमीटर मागे येत गेला. तिथे काय आहे? तिथे खडीच्या खाणीचा फाटा आहे. आणि खाणीतले ट्रकवाले काय विकत घेतात, ते कुणी सांगायला नको.

आता सगळं चपखल बसत होतं. काळा खांदा, खोटं बोलणं, शीळ. टॉवरच्या रखवालदाराची सही होती, पण सही काय कुणीही करतं. कंपनीची तक्रार नव्हती, म्हणजे कंपनीतलाही कुणीतरी सामील असणार. लाल ठिपके? दुसरी बाटली आणायला कितीसा वेळ लागतो? आणि हे सगळं ज्याच्यावर बसत होतं, त्याला थोरल्याने पाठकुळी घेऊन शाळेत पोचवलं होतं. त्याला संताप आला, पण संतापाच्या खाली रडू होतं, आणि ते त्याने कळू दिलं नाही.

सकाळी त्याने वही धाकट्यापुढे आपटली. "खाणीच्या फाट्यावर कुणाला विकतोस डिझेल?"

धाकट्याला आधी कळलंच नाही. मग त्याने वहीतले आकडे पाहिले आणि तो हसला. ते हसणं थोरल्याला फार लागलं.

"दादा, टायर मोठे आहेत म्हणून मीटर कमी दाखवतो. काका तेच सांगत होते."

"असं? टायर मोठे झाले म्हणून रस्ता लहान झाला? मी गुडघ्याने लंगडा आहे, डोक्याने नाही. मोठं चाक जास्त पळतं. मग आकडा वाढायला हवा. कमी कसा होईल?"

"अरे, फेरे कमी पडतात—"

"आणि त्याआधीचे चार किलोमीटर? तेव्हा तर जुनेच टायर होते."

धाकट्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. थोरल्याने हे पाहिलं. सगळ्यांत जास्त हेच पाहिलं.

"बोल ना. का मूग गिळलेस?"

धाकट्याने खिशातून किल्ली काढली आणि वहीवर ठेवली. "मंगळवारी तूच जा," तो म्हणाला. खुंटीवरचा सदरा काढून घेऊन निघून गेला. मंगळवारपर्यंत घरी आला नाही. काकांच्या दुकानात राहतो, असं कानावर आलं. चोराला चोराची सोबत, थोरला मनात म्हणाला, आणि रोज दोन माणसांचा स्वयंपाक करत राहिला.

मंगळवारी तो गाडीत चढला. चढला म्हणजे काय, गाडी आता एवढी उंच झाली होती की आधी स्टूल आणावं लागलं. तीन वर्षांनी क्लच दाबताना गुडघ्यातून कळ निघाली. पण आज खाणीच्या फाट्यावर जायचं होतं, ट्रकवाल्यांना विचारायचं होतं, आणि पुराव्यासकट परत यायचं होतं. मीटरच्या हिशेबाने फाटा साडेसत्त्याहत्तरवर यायला हवा. त्याने ते कागदावर लिहून समोर चिकटवलं.

शहर संपल्यावर रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड सुरू झाले. दहाचा दगड गेला तेव्हा मीटर नऊ म्हणत होता. थोरल्याला वाटलं, आपण निघताना आकडा नीट वाचला नाही. विसाचा दगड गेला, मीटर अठरा. तिसाचा गेला, मीटर सत्तावीस.

त्याला पहिला संशय आला तो दगडांचा. ठेकेदाराने जवळजवळ पुरून पैसे खाल्ले असणार. पण हे दगड त्याने स्वतः वीस वर्षं पाहिले होते, आणि त्याच दगडांच्या भरवशावर घरापासूनचं अंतर शहाऐंशी ठरवलं होतं. खाली टायर गुणगुणत होते. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता, आणि पुढे काय? पुढचं त्याने ऐकलंच नव्हतं. ते वाक्य त्याने आता स्वतःच पुरं केलं. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. मोठ्या चाकाचा एक फेरा म्हणजे जास्त जमीन. म्हणजे तेवढ्याच रस्त्याला फेरे कमी.

तीन टॉवर झाले. पुढे खाणीचा फाटा आला तेव्हा मीटर सत्तरवरही पोचला नव्हता. थोरला तिथे थांबला नाही.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी मात्र त्याला थांबावंच लागलं. निम्मा रस्ता नव्हताच. दरीकडची बाजू खाली गेली होती आणि उरलेल्या पट्ट्यात गुडघाभर लाल चिखल होता. तो दार धरून खाली उतरला. चिखलात ठसे होते. तळहाताएवढे ठोकळे, प्रत्येक तिसऱ्यावर वाकडा चरा. वर गेलेले आणि खाली आलेले. काही वाळून कडक झालेले, काही त्यामानाने ताजे. ती नक्षी त्याने स्वतः बोटाने चाचपून निवडली होती. दुसऱ्या कुणाची असू शकत नव्हती.

याच जागी तीन वर्षांपूर्वी गाडी घसरली होती. परत फिरायला जागा होती आणि कुणी दोष दिला नसता. पण वर टॉवर होता, आणि गाडीत मागे सहा कॅन होते. त्याने पहिला गिअर टाकला. गाडी वाकडी झाली, मागचा भाग दरीकडे सरकला, थोरल्याच्या तोंडून आईचं नाव निघालं, आणि मग त्या ठोकळ्यांनी खाली काहीतरी पकडलं. चिखल मडगार्डवर धडाधड आपटत गाडी वर चढली. जुने टायर असते तर आज तो वरही पोचला नसता आणि खालीही उरला नसता.

रखवालदार धावत आला. सुरकुतलेला, बारीक माणूस. त्याने गाडी पाहिली, मग उतरणाऱ्या माणसाचा पाय पाहिला.

"तुम्ही दादा ना? ते कुठे आहेत? बरे आहेत ना?"

"बरा आहे," थोरला म्हणाला. "रस्ता कधी गेला?"

"महिना होऊन गेला. जुने टायर होते तेव्हा गाडी खालीच लावायचे. दोन किलोमीटर कॅन खांद्यावर आणले हो, दोन मंगळवार. तीन त्यांनी, तीन मी. माझी तर पाठ धरली. मी म्हटलं, सोडून द्या हे काम. तर म्हणाले, सोडलं तर दादा घरी बसून काय करेल? त्याला मंगळवार लागतो."

दोन किलोमीटर अलीकडे गाडी लावायची. जाताना दोन, येताना दोन. चार.

थोरल्याने खांबाला धरलं. रखवालदाराला वाटलं गुडघा दुखतोय, म्हणून त्याने बसायला खोकं आणून दिलं. त्याने कॅन आत नेले, लाल ठिपके तोडले आणि सही केली. तीच सही, तेच वाकडं वळण. थोरल्याने ती पुन्हा वर करून पाहिली नाही.

संध्याकाळी गाडी काकांच्या दुकानापुढे थांबली. धाकटा एका ट्रकचे नट आवळत होता. त्याने मडगार्डवरचा लाल चिखल पाहिला आणि पाना खाली ठेवला.

"चढलास?" त्याच्या आवाजात रागापेक्षा भीतीच जास्त होती. "त्या गुडघ्याने?"

"माझं चुकलं," थोरला म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्याने इतक्या कमी वेळा म्हटलं होतं की ते नीट बाहेर पडेना. "तू सांगायचंस तरी. चढ गेलाय म्हणून."

"सांगितलं असतं तर काम सोडायला लावलं असतंस."

"लावलं असतं."

"तेवढं खोटं माझं. बाकीचं तुझं." धाकट्याने चिंध्यांना हात पुसले. "रखवालदार भेटला?"

"भेटला."

"आणि तो आज सुट्टीवर असता तर?"

काका मध्ये बोलणार होते, पण त्यांनी नुसताच कानातला कापूस नीट बसवला.

"मीटर काका जुळवून देतील," धाकटा म्हणाला. "मग बरोबर दाखवेल. पण कधी दरड कोसळेल, मला वळसा पडेल, पुन्हा आकडा चुकेल. तेव्हा तू कुणाला विचारणार, दादा? मला की दगडांना?"

थोरला स्टेअरिंगखाली वाकला आणि आपलाच लाल ठिपका नखाने खरवडू लागला. चांगला बसला होता, निघता निघेना. चिकटपट्टी सुटायला बराच वेळ लागला. शेवटी धाकट्याने भिंतीवरचा आपला सदरा घेतला आणि तो गाडीत जाऊन बसला.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी दारात टायरांची गुणगुण आली आणि थांबली. इंजिन बंद झालं. धाकटा सवयीने सीटवरच बसून राहिला, दादा दार उघडेल म्हणून.

थोरला स्वयंपाकघरात ओट्याची कड धरून उभा होता. पेन्सिल कानावर नव्हती, पण हात दोनदा कानाकडे गेला. बाहेर एक आकडा होता आणि तो त्याला हवा होता, तहानेसारखा हवा होता. मीटर काकांनी खरंच जुळवला असेल का? की नुसतंच? त्याने कड आणखी घट्ट धरली.

जरा वेळाने धाकटाच आत आला. थोरल्याने त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो उभ्यानेच प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "दादा, आज एकशे—"

"नको सांगूस."

"अरे, बरोबर आलाय—"

"नको म्हटलं ना." थोरल्याने तांब्या काढून घेतला आणि बाजूला ठेवला. "इकडे ये उजेडात. खांदा दाखव."

धाकट्याने सदऱ्याची वरची दोन बटणं काढली.